गोगलगायीचा माग

आईच्या पुस्तकांत हरवलेलं सगळं सापडायचं. घड्याळं, किल्ल्या, शेजाऱ्यांची मांजरं, एकदा तर अख्खी होडी. बावीस पुस्तकं, बावीस भानगडी, आणि प्रत्येक भानगडीचा छडा लावणारी दोन भावंडं, ठिणगी आणि गोगलगाय. ठिणगी पुढे धावायची, भिंतींवर चढायची, मोठ्या माणसांना उलटे प्रश्न विचारायची. गोगलगाय हा तिचा धाकटा भाऊ. तो मागून रमतगमत यायचा, अडखळत बोलायचा, आणि खाली मान घालून चालायची सवय असल्यामुळे नेमका धागा त्यालाच सापडायचा. ज्या मुलांनी पहिलं पुस्तक वाचलं ती आता आपल्या मुलांना बाविसावं वाचून दाखवत होती.

खरी ठिणगी सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकाची रुंदी मोजायची, काडी कानामागे टोचते का ते विचारायची, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरी येऊन आईजवळ बसायची. घरात तिला सगळे ताई म्हणत, अगदी आईसुद्धा. सगळे म्हणजे आता आईच. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि धाकटा, म्हणजे खरा गोगलगाय, त्याच्याही आधी चार वर्षं घरातून निघून गेला होता.

तो भांडून गेला नव्हता. भांडला असता तर बरं, असं ताईला पुढे कितीदा वाटलं. झालं ते असं. आईचा एक मोठा सत्कार होता, सभागृहात तीनचारशे मुलं बसलेली. सूत्रसंचालकाने उत्साहाच्या भरात जाहीर केलं की आपल्या सर्वांचा लाडका गोगलगाय आज इथे हजर आहे, आणि एकतीस वर्षांच्या धाकट्याला हाताला धरून व्यासपीठावर नेलं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच्यापुढे माइक आला. त्याने तोंड उघडलं आणि पहिलंच अक्षर अडकलं. तो थांबला, पुन्हा बोलू लागला, पुन्हा अडकला. मुलं हसली. वाईट मनाने नाही, ती खूश झाली होती. पुस्तकातला गोगलगाय अगदी असाच बोलायचा. धाकट्याने माइक जपून टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने तो बाहेर पडला. आठवड्याने त्याची खोली रिकामी सापडली. उशीवर चिठ्ठी होती, "मी बरा आहे. शोधू नका."

वडिलांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि तो म्हणतोय तर ऐकू या, एवढंच म्हणाले. आई म्हणाली, येईल. त्यानंतर चौदा वर्षं गेली.

या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले. ताईच्या दुकानात भिंतभर काचा होत्या, पण आईला उपयोगी पडेल अशी त्यात एकही नव्हती. तेविसावं पुस्तक अर्धं झालं होतं. आई सांगायची आणि ताई लिहून घ्यायची. सातव्या प्रकरणात गोगलगाय जिन्यावर उभा राहून ठिणगीला काहीतरी महत्त्वाचं सांगतो, तिथे येऊन गाडी रुतली. तीन आठवडे ताई वही उघडून बसायची आणि तीन आठवडे आई जिन्याच्या त्याच पायरीवर थांबायची.

"तो बोलतच नाही गं," आई एका संध्याकाळी म्हणाली. "ठिणगीचं सगळं ऐकू येतं मला. तो नुसता उभा असतो."

ताईने सुचवलं की प्रकरण सोडून पुढे जाऊ. आईने मान हलवली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, तू त्याला शोधशील का? तिला त्याच्याशी एकदाच बोलायचं होतं, पुस्तकासाठी नाही. डॉक्टरीणबाईंनी गेल्याच महिन्यात ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता त्यांना हवं नको ते बघा. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण हो म्हणायला हातात काय होतं? जुने मित्र नव्हते, पत्ता नव्हता. चौदा वर्षांत एक फोनही नव्हता.

मग अकरा दिवसांनी दुकानात एक ट्रकचालक आला. त्याला नवीन फ्रेम हवी होती. जुना चष्मा त्याने काउंटरवर ठेवला, आणि ताईचा हात तिथेच थांबला.

डाव्या काडीचा स्क्रू पडला होता आणि बिजागरीत तांब्याची बारीक तार ओवली होती. चष्मा तारेने बांधणारे पुष्कळ. पण या तारेचे वेढे मोजून मारल्यासारखे एकाशेजारी एक होते, आणि शेवटचं टोक ठोकून पानासारखं चपटं करून आत दुमडलेलं होतं, म्हणजे कातडीला टोचू नये. वडिलांच्या चष्म्यावर अशी तार तिने वर्षानुवर्षं पाहिली होती. धाकटा दहा वर्षांचा असताना त्याने ती बसवली होती.

"हे कुणी करून दिलं?" तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

ट्रकचालकाला त्यात विशेष काही वाटलं नाही. तो म्हणाला, एका धान्याच्या गोदामात माल भरायला थांबलो होतो, तिथला वजनकाटा बिघडला होता, दुरुस्तीवाला आला होता. चष्मा हातात धरून मला बसलेलं बघितलं, काही न बोलता मागून घेतला, पाच मिनिटांत परत दिला. चांगला माणूस, पण बोलायला कंजूस.

जेवणाच्या सुट्टीत ताई रिक्षा करून त्या गोदामात गेली. तिथल्या कारकुनाला तिने काय थाप मारली ते तिला नंतर आठवेनासं झालं, पण त्याने तिला काट्यापर्यंत नेलं. काट्याच्या पाठीवर तपासणीची चिठ्ठी चिकटवली होती. त्यावर तारीख होती आणि खाली दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळेचं नाव, गाव, फोन. सही नव्हती. फोन करायचा नाही हे तिने तिथेच ठरवलं. फोन केला तर त्याला विचार करायला वेळ मिळेल.

परत येताना रिक्षात तिच्या लक्षात आलं की आपण गालातल्या गालात हसतोय. बोटं शिवशिवत होती. किती वर्षांनी ती ठिणगी झाली होती! मग उशीवरची चिठ्ठी आठवली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी तिने रजा टाकली. आईला सांगितलं की फ्रेमचं प्रदर्शन आहे, संध्याकाळपर्यंत येते. शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि सकाळची बस धरली. तीन तासांचा रस्ता. वाटेत तिने मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

कार्यशाळा म्हणजे एक लांबट, अरुंद खोली होती. भिंतीवर गोल तबकड्यांचे टांगते काटे, खाली पोती तोलायचे लोखंडी चौथरे, कोपऱ्यात काचेच्या पेटीत सोनाराचा नाजूक तराजू. दाराशी टेबल टाकून एक सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई चहा पीत बसली होती. ती मालकीणबाई. तिने ताईकडे न बघताच आत बोट दाखवलं. आत दिव्याखाली एक माणूस बाळांना तोलायच्या काट्यावर वाकला होता. हातांत पांढरे सुती मोजे होते आणि तो चिमट्याने पितळी वजनं एकेक करून पारड्यात ठेवत होता. केस विरळ झाले होते. मानेची वाकण्याची ढब तीच होती.

"काय बि... बिघडलंय?" त्याने मान वर न करता विचारलं.

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही ताईच्या तोंडून निघालं नाही. तो वर बघेपर्यंत ती तशीच उभी राहिली. त्याने पाहिलं. हातातलं वजन डबीत परत ठेवलं, डबीचं झाकण लावलं, मोजे काढले, मग एक स्टूल पुसून तिच्यापुढे सरकवलं. दोघं बसली. बाहेर मालकीणबाईंनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

काही बोलणं होणार तेवढ्यात पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी धावत आत आली. नऊएक वर्षांची असेल. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. बाबा, भूक लागली, म्हणत तिने दप्तर बाकावर टाकलं आणि ताईकडे बघून थबकली.

"या कोण?"

धाकट्याने क्षणभर ताईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, दटावणीही होती.

"गिऱ्हाईक आहेत," तो म्हणाला. "त्यांचा काटा चु... चुकतोय."

ताईने मान डोलावली. सख्खी भाची समोर उभी होती, ताईच्या वडिलांचेच बाहेर आलेले कान घेऊन, आणि तिने गिऱ्हाइकासारखी मान डोलावली.

मुलगी बोलकी होती. तिने दप्तरातून डबा काढला आणि डब्याबरोबर एक पुस्तक बाहेर आलं, शाळेच्या वाचनालयाचा शिक्का मारलेलं, कोपरे झिजलेलं. ताईला मुखपृष्ठ पुरतं बघावंच लागलं नाही. चित्रातल्या मुलीच्या वेण्या तिच्या स्वतःच्या होत्या. बारा वर्षांच्या ताईचा फोटो बघून चित्रकाराने त्या काढल्या होत्या.

तुम्ही वाचलंय का, असं मुलीने विचारलं. ताईने सांगितलं की लहानपणी वाचलं होतं. मग घास घेता घेता मुलीने तिला सगळं समजावून सांगितलं. ठिणगी शूर आहे, पण जरा आगाऊच. सगळ्यांच्या आधी तिलाच बोलायचं असतं. खरं काम गोगलगाय करतो. तिला तोच आवडायचा, वर्गात अजून कुणाला नाही आवडला तरी तिला आवडायचा.

"मी बाबांना रोज एक प्रकरण वाचून दाखवते," ती म्हणाली. "पण त्यांना चोर कोण ते पहिल्या पानावरच कळतं. एकदाही चुकत नाहीत. कसं काय कळतं, तेवढं सांगत नाहीत."

धाकटा बाळाच्या काट्याकडे बघत होता. त्याच्या ओठाच्या कडेला हसू येऊन गेलं आणि ताईला रडू फुटायचं बाकी राहिलं. मुलीला मालकीणबाईंनी हाक मारली, दुकानातून साखर आणायला पाठवलं. ती उड्या मारत गेली. खोलीत पुन्हा दोघंच उरली.

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

तिने चष्म्याची तार सांगितली, गोदाम सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, भारीच शोधलंस. मग म्हणाला, शोधू नका असं लिहिलं होतं मी. दोन्ही वाक्यं त्याने एकाच आवाजात म्हटली.

तिने आईचं सांगितलं. डोळ्यांचं, हृदयाचं, जिन्यावर अडकलेल्या प्रकरणाचं. त्याने विचारलं, दुखतं का तिला? ताई म्हणाली की दुखत नाही, फक्त दिसत नाही, आणि तुझ्याशी एकदा बोलायचं म्हणते. तो बराच वेळ बोटांनी मोज्यांच्या सुरकुत्या काढत बसला.

"येणार नाही असं नाही, ताई. मला ये... येता येत नाही." त्याने मोजे घडी करून बाजूला ठेवले. "इथे मी काटेवाला आहे. बोलताना अडतो, तर लोक म्हणतात, काटेवाला अडतो. तिच्यासमोर गेलो की मी तो होतो."

"आणि मुलीला का नाही सांगितलंस?"

"तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. तिला माहीत नाही, म्हणून बरं वाटतं. कळलं की माझ्याकडे बघताना तिलाही तोच दिसेल."

मग ताईने ते बोलून टाकलं जे पस्तीस वर्षं बोलली नव्हती. पहिलं पुस्तक आल्यावर शाळेतल्या पोरांना खेळच सापडला होता. गोगलगायीवर मीठ टाकलं की ती विरघळते, हे कुठल्याशा पोराने वर्गात सांगितलं आणि पोरं घरून पुड्यांत मीठ आणू लागली. मधल्या सुट्टीत नळापाशी धाकट्याला गाठून त्याच्या कॉलरमध्ये ओतायची. "गोगलगाय आली, आली, विरघळली" असं ओरडायची, मुद्दाम मुलीला म्हणावं तसं. ताई एकदा तिथून दहा पावलांवर होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"नळापाशी मी होते," ती म्हणाली. "मी आले नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू सही करत होतीस."

खरंच होतं. दोन मुली पुस्तक पुढे करून उभ्या होत्या आणि ती वळणदार अक्षरात "ठिणगी" लिहीत होती. त्याने ते कधीच बोलून दाखवलं नव्हतं. आताही तक्रार म्हणून तो ते म्हणाला नाही. वजन सांगावं तसं सांगितलं, इतके ग्रॅम म्हणून.

निघताना त्याने दोनच गोष्टी मागितल्या. मी कुठे आहे ते आईला सांगायचं नाही, आणि मुलीचं तर कुणालाच नाही. ताईने शब्द दिला. दुसरं काय देणार? मुलगी साखर घेऊन दारात भेटली, म्हणाली, काटा नीट होईल हो, बाबा करतात बरोबर.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. काकू निघून गेल्यावर ताईने आईच्या हातात चहाचा कप दिला. आईने कप तसाच धरून ठेवला.

"यंत्राच्या तेलाचा वास येतोय तुला," ती म्हणाली. "चष्म्यांच्या प्रदर्शनात तेल कुठून आलं?"

आयुष्यभर जिने चोर पकडले तिच्यापुढे लपवालपवी टिकणार नव्हती. ताई म्हणाली, भेटला. येणार नाही. कुठे ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

आईने ते विचारलं नाही. बरा आहे का, एवढं विचारलं. ताईने सांगितलं की बरा आहे, हाताला काम आहे, लोक त्याला मानतात. आईने कप खाली ठेवायला टेबल चाचपलं. ताईने तो काढून घेतला.

"मी काय केलं त्याला?"

बसमध्ये तीन तास ताई याच प्रश्नाला घाबरली होती. खरं सांगावं तर एकोणऐंशी वर्षांच्या आंधळ्या बाईच्या हातून तिचं एकुलतं एक मोठं काम काढून घ्यायचं. गप्प बसावं तर मुलगा कृतघ्न निघाला असं तिने समजून मरायचं. दोन्ही वाटा बंद. शेवटी ताईने मिठाचं सांगितलं, नळापाशी स्वतः काय केलं तेही सांगितलं, आणि आई रडेल म्हणून तिचा हात धरून ठेवला.

आई रडली नाही.

"मिठाचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याच्या बनियनमधून झटकायचे मी रोज. धुवायला टाकताना."

आई हळूहळू बोलत गेली, प्रकरण सांगायची तशी नाही, मधेच थांबत. पहिलं पुस्तक तिने लाडाने लिहिलं होतं. पोराला सगळे मंद म्हणायचे, तर ज्याला मंद म्हणतात त्यालाच सगळं दिसतं असं तिला दाखवायचं होतं. मग मीठ सुरू झालं. शाळेत जाऊन ती मुख्याध्यापकांना भेटली, ते म्हणाले पोरं आहेत, विसरतील. तेव्हा तिने ठरवलं की दुसऱ्या पुस्तकात गोगलगायीला असा काही पराक्रम करायला लावायचा की पोरांची तोंडं बंद होतील. पुस्तक पहिल्यापेक्षा जास्त खपलं आणि नाव आणखी दहा शाळांत पोचलं. मग तिसरं लिहिलं, तो पुरात उडी घेतो ते. मग चौथं.

"दर वेळी वाटायचं, या खेपेला जमेल. बावीस वेळा वाटलं, ताई. थांबले असते तर तो मंदच राहिला असता, त्या पोरांच्या लेखी. म्हणून थांबले नाही. आणि तो काही म्हणायचा नाही. पुस्तक आलं की वाचायचा आणि छान आहे म्हणायचा."

खोलीत अंधारून आलं होतं. आईला त्याने फरक पडत नव्हता आणि ताईला दिवा लावायचं भान नव्हतं. आई म्हणाली, एवढं त्याला कळव. येऊ नकोस म्हणावं, पण हे कळव.

त्याच आठवड्यात ताईने कार्यशाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी स्वतःची एक विनंती घातली. आईला तुझ्या मुलीबद्दल सांगू का? नाव नको, गाव नको, एवढंच की एक मुलगी आहे आणि तिला सगळ्यांत गोगलगाय आवडतो. तू हो म्हणालास तरच सांगेन.

नऊ दिवसांनी पाकीट परत आलं. ताईने दुकानातून फोन लावला. मालकीणबाईंनी आवाज ओळखला नाही, पण काट्याचं विचारताच म्हणाल्या, त्या शनिवारी आलेल्या बाई का तुम्ही? मग त्यांनी सांगितलं. सोमवारी त्याने काम सोडलं होतं. मुलीच्या शाळेतून दाखला काढला, खोली रिकामी केली, कुठे जातो ते सांगितलं नाही. आठ वर्षं होता. असा हात पुन्हा मिळायचा नाही.

"तुम्ही त्याला असं काय सांगितलंत?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

ताईने फोन ठेवला. एक म्हातारे गृहस्थ नवीन चष्म्याने दूरची अक्षरं वाचायला थांबले होते. तिने त्यांच्या काड्या सरळ करून दिल्या.

पुन्हा शोधता आलं असतं. वजनकाटे दुरुस्त करणारी माणसं काही हजारोंनी नसतात, आणि तिला आता वेढे मोजता येत होते. पण तिने शोधलं की तो पळणार, आणि तो पळाला की एका मुलीची शाळा पुन्हा सुटणार, मैत्रिणी सुटणार, वाचनालयातलं अर्धं पुस्तक परत करावं लागणार. या वेळी तो बरा असावा असं वाटत असेल तर ताईला एकच गोष्ट करता येत होती, आणि ती म्हणजे काही न करणं. आयुष्यात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं.

आईने पुस्तक सोडून दिलं. प्रकाशक फुलं घेऊन आले, म्हणाले, बाई, नुसता शेवट तोंडी सांगा, बाकी आम्ही लिहून घेऊ. आईने त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. ते उठल्यावर त्यांनी जिन्यात ताईला गाठलं आणि तुम्हीच का पूर्ण करत नाही, असं विचारलं. तुमच्याहून जास्त ठिणगीला कोण ओळखतं? ताई म्हणाली की मला लिहिता येत नाही.

दर रविवारी आई विचारायची, उत्तर आलं? ताई सांगायची, अजून नाही. परत आलेलं पाकीट दुकानाच्या खणात मोडक्या फ्रेम्सखाली होतं. काही रविवारांनी आईने विचारायचं सोडलं आणि ताईला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

थंडी सुरू झाली तशी आई बोलण्यात भरकटू लागली. दुपारी झोपायची, जागी झाली की तिला वाटायचं शाळा सुटायची वेळ झाली. कधी ताईला ती आपली आई समजायची. डॉक्टरीणबाई दोन दिवसांआड येत. एका दुपारी जाताना त्या दारात म्हणाल्या, बोलायचं असेल ते बोलून घ्या.

ताई पलंगाच्या कडेला बसली. शब्द दिला होता, परवानगी मागितली होती, उत्तर येणार नव्हतं. तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि शब्द मोडला. म्हणाली, आई, ऐक. एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. तिचे बाबा काटे दुरुस्त करतात. ती रोज त्यांना तुझं पुस्तक वाचून दाखवते, आणि तिला सगळ्यांत जास्त गोगलगाय आवडतो. बाबांना चोर आधीच कळतो, म्हणून ती चकित होते. तिला माहीतच नाही की गोगलगाय तिच्यासमोर बसलाय.

आईचे डोळे उघडे होते. ती नीट ऐकत होती. कपाळावर ती जुनी आठी पडली होती, प्रकरण कसं जमलंय ते तपासताना पडायची ती.

"चांगलं आहे," आई म्हणाली. "पण नऊ वर्षांची नको. नऊची असती तर एव्हाना ओळखलं असतं तिने. सातची कर."

ताई म्हणाली, आई, ही गोष्ट नाही.

"आणि बाबा तिला शेवटी सांगतात का? सांगू दे. नाहीतर वाचणाऱ्या पोरांना चुटपुट लागेल." आई दमली होती. तिने मान भिंतीकडे वळवली. "वही घे ना. विसरायला होतं मला."

ताईने वही घेतली. पेन उघडलं, आईला कागदाचा आवाज ऐकू यावा म्हणून एक पान उलटलं, आणि आई झोपेपर्यंत तिथे सात लिहिलं, खोडलं, पुन्हा नऊ लिहिलं.